एक बाटली, तीन डोळे

बारा फेब्रुवारी, बुधवार. दुपारी तीनचा थेंब.

शाळेत सराव परीक्षा असल्यामुळे मी दोनलाच सुटले, कमलनगरहून मिळेल त्या जीपमध्ये बसले आणि तीनला पाच मिनिटं कमी असताना ठाणाकुशनूरला घरी पोचले. एरवी तीनचा थेंब माझ्या वाट्याचा नव्हता. सकाळी सहाचा, संध्याकाळी सहाचा आणि रात्री नऊचा मी घालत असे. मधले तीन समोरच्या घरातली सून घालायची. मीच तिला शिकवलं होतं. आज मी वेळेवर आले आहे तर आपणच घालू, म्हणून मी चप्पल काढली, मोरीत साबणानं मनगटापर्यंत हात धुतले, झटकून वाळवले आणि भिंतीतल्या देवळीपाशी गेले. देवळीत बाटली नव्हती. खाटेवर अक्काही नव्हती.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. वय पासष्टच्या पुढे. तिचा उजवा डोळा तरुणपणीच गेला. तुरीची रास करताना तुराटीचं टोक लागलं, तेव्हा दवाखाना लांब होता आणि जवळ होते ते सगळे उपाय करून झाले. कुणी मध घातला, कुणी एरंडेल. तेव्हापासून ती एका डोळ्यावर सगळं करत आली. वाकळी शिवल्या, डाळी निवडल्या, माझी दोन पोरं सांभाळली. मग त्या डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू उतरला. दोन वर्षं ती टाळत राहिली.

"एकच हाय," ती म्हणायची. "हा बी कापायला देऊ? उद्या बिघडला तर तू काठी धरून फिरवणार हाईस का मला?"

"नाही कापला तरी फिरवावंच लागेल," मी म्हणायचे.

शेवटी बीदरच्या दवाखान्याचं शिबिर आलं आणि मी तिला जवळजवळ ढकलूनच गाडीत बसवलं. ऑपरेशन चांगलं झालं. भिंग बसलं. घरी आली त्या दिवशी तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "लई पिकलीस गं." म्हणजे दिसत होतं. आता ते दिसणं राखायचं काम थेंबांचं होतं आणि थेंबांची जबाबदारी माझी.

मी गणित शिकवते. कुठलंही काम पायऱ्या पाडून केलं की जमतं असा माझा अनुभव आहे. तरी पहिल्या दिवशी थेंब गालावर पडला.

"डोळा वर हाय," अक्का म्हणाली. "गालाला मोतीबिंदू झालेला न्हाई."

दुसरा थेंब नाकावर पडला. मग मी दवाखान्यातली सिस्टर कसं करत होती ते नीट आठवलं. तिनं अक्काला बसवलं नव्हतं, आडवं झोपवलं होतं. बाटली हवेत धरली नव्हती, मनगट कपाळावर टेकवलं होतं. त्यामुळे रोगी हलला तरी हात त्याच्याबरोबर हलतो आणि बाटलीचं टोक डोळ्यात जात नाही. डाव्या हाताच्या बोटानं खालची पापणी हलकेच खाली ओढायची, की तिथं एक छोटा खिसा होतो. थेंब त्या खिशात सोडायचा. बुबुळावर सोडला तर माणूस दचकतो आणि डोळा घट्ट मिटून घेतो. अक्काला मी वर तुळईकडे बघायला सांगे. तिथं एक खिळा आहे, पूर्वी त्याला कंदील टांगत असू. "खिळा बघा" म्हटलं की ती खिळा बघायची, तेवढ्यात थेंब आत.

मग डोळा मिटायचा, पण आवळायचा नाही. नाकाजवळच्या कोपऱ्याच्या खाली, नाकाच्या बाजूला, बोट अलगद टेकवून मिनिटभर थांबायचं. नाहीतर औषध घशात उतरतं. हे मी एकदा विसरले तर अक्का लगेच म्हणाली, "कडू लागलं. डोळ्याचं औषध जिभेला कामून पाजायलीस?" ऑपरेशनच्या डोळ्यावर दाब मात्र द्यायचा नाही, बोट नाकाच्या हाडावर, डोळ्यावर नाही. गालावर ओघळलेलं स्वच्छ कापसानं टिपायचं आणि तो कापूस टाकून द्यायचा. पदरानं पुसायचं नाही. पदरानं आपण चुलीवरचं पातेलंही उतरवतो.

झाकण मी खाटेवर ठेवत नसे, करंगळीत धरत असे. बाटलीवरचं नाव प्रत्येक वेळी वाचत असे, कारण त्याच देवळीत कानाच्या थेंबांची जुनी बाटली होती, तशीच पांढरी, तेवढीच उंच. ती मी पहिल्याच दिवशी उचलून कपाटात टाकली. एवढं सगळं मी समोरच्या सुनेला करून दाखवलं, तिच्याकडून करून घेतलं आणि मग निर्धास्त शाळेला जाऊ लागले.

त्या दिवशी देवळी रिकामी बघून मी दारात आले. समोरच्या ओसरीवरून हसण्याचा आवाज येत होता. मी गल्ली ओलांडली.

ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती आणि तिच्यावर तिघं ओळीनं उताणी झोपली होती. भिंतीकडून पहिली समोरच्या घरची अव्वा, म्हणजे त्या सुनेची सासू, ऐंशीला आलेली. मधे कोपऱ्यावर एकटा राहणारा अण्णा. कडेला माझी अक्का. तिघांचंही ऑपरेशन एकाच गाडीतून जाऊन एकाच दिवशी झालं होतं. तिघांचे काळे चष्मे त्यांच्या छातीवर ठेवलेले होते. सून अव्वाच्या डोक्याशी गुडघे टेकून बसली होती आणि तिच्या हातात बाटली होती.

"थांब," मी म्हटलं. "हात वर घे."

तिनं हात उचलला. तिघांपैकी कुणीही मान वळवली नाही. थेंब पडेपर्यंत हलायचं नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"आली इन्स्पेक्टरीण," अक्का वर बघतच म्हणाली. "आज शाळा बुडवलीस का?"

"बाटली कुणाची आहे?"

"कुणाची म्हंजे? आपली."

"आपली म्हणजे तुमची ना, अक्का?"

"आपल्या तिघांची की गं. आधी माझी फोडली. सकाळ-सांजला तुझं घालून झालं की सून येऊन न्हेती, परत आणून ठिवती. ही सरली की अव्वाची, मग अण्णाची."

"कामून पण?"

"तूच सांगितलीस की! फोडली की महिनाभरच चालती, मग उरली तरी टाकून द्यायची. तीन एकदम फोडून तीन बाद करायच्या? एवढं न्हाई का कळत आमाला?"

अण्णानं झोपल्या झोपल्या दुजोरा दिला. "बरूबर हाय. लोणच्याचं करतोत तसंच हाय हे."

आमच्या गल्लीतली लोणच्याची रीत बाहेरच्यांना सांगावी लागेल. उन्हाळ्यात प्रत्येक घर आपली बरणी भरतं, तिच्या तोंडाला दादरा बांधतं, पण सगळ्या बरण्या एकदम उघडत नाहीत. एका घरची उघडायची, सगळ्यांनी तिच्यातलं वाटीवाटीनं न्यायचं, ती संपली की पुढच्या घरची. उघडल्या बरणीला वारं लागतं, बुरशी धरते. बंद राहिली तर वर्ष काढते. माझ्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, या रीतीनं कुणाचं लोणचं फुकट गेलेलं मी बघितलं नाही. त्यात मान वयाचा असतो. वाटी आधी थोरल्या घरची भरायची. म्हणूनच ओळीत अव्वा पहिली होती आणि माझी अक्का शेवटी.

दवाखान्यातून सोडताना सिस्टरनं कन्नडमध्ये सगळं सांगितलं होतं. अव्वाला कन्नड येतं, पण तिला ऐकू कमी येतं. बाकी दोघांसाठी मी मराठीत सांगत गेले. "उघडल्यावर महिनाभरात संपवा, उरलं तर टाका" हे वाक्य मी दोनदा आणि मोठ्यानं सांगितलं होतं, कारण आमच्याकडे औषधाची अर्धी बाटली वर्षानुवर्षं ठेवतात आणि पुढच्या रोग्याला घालतात. ज्याची बाटली त्यानंच वापरायची, हे सिस्टर म्हणाली होती का, मला आठवत नाही. मी म्हटलं नव्हतं, हे मात्र आठवतं. मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

मी अव्वाच्या शेजारी बसले. तिचा डोळा लाल होता. पापण्यांच्या मुळाशी पिवळट चिकटा धरला होता.

"हे कधीपासून?"

"काल सकाळपासून जरा चिकटायलाय," सून म्हणाली. "मी पुसते की, बाई."

"कशानं?"

तिनं पदर पुढं केला. मग स्वतःच मागं घेतला.

"अव्वा, दुखतंय का?" मी कानाशी जाऊन विचारलं.

"दुखायलंय. आन काल परवापेक्षा धुरकट दिसायलंय. म्हटलं असंल तसंच."

मी सुनेच्या हातातून बाटली घेतली आणि उजेडात धरली. टोकाला एक पापणीचा केस चिकटला होता आणि त्याच्याभोवती तोच पिवळा चिकटा. अव्वा थेंबाच्या वेळी डोळा आवळते. सून बिचारी टोक जवळ नेत नेत पापणीला टेकवत होती. माझ्यासमोर तिनं शिकताना अक्काच्या डोळ्यात थेंब बरोबर घातला होता, पण अक्का खिळा बघते. अव्वाच्या ओसरीला खिळा नव्हता.

काल सकाळपासून म्हणजे किती वेळा, हा हिशेब मी तिथंच केला. नऊ, बारा, तीन. मग संध्याकाळी सहा आणि रात्री नऊ, ते माझ्या हातचे. आज सकाळी सहा, नऊ, बारा, त्यातला सहाचा पुन्हा माझ्याच हातचा. हात धुऊन, मनगट टेकवून, एकही चूक न करता मी हे औषध अक्काच्या एकुलत्या एका डोळ्यात घातलं होतं. सकाळी बाटलीवरचं नाव मी वाचलं होतं. टोक बघितलं नव्हतं.

"काय झालं?" अक्का उठून बसली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "मास्तरीण, बोल की."

"काही नाही. चष्मा घाला. आज या बाटलीतून कुणाला थेंब नाही."

मी घरी येऊन कार्डावरचा नंबर लावला. सिस्टरनं कन्नडमध्ये एकामागून एक प्रश्न विचारले आणि मी उत्तरं देत गेले. अव्वाला लगेच, आत्ताच घेऊन या, ती म्हणाली, उद्यावर टाकू नका. ती बाटलीही आणा. बाकी दोघांना लाली, दुखणं, चिकटा, धुरकट दिसणं यातलं काही आहे का? नाही? मग प्रत्येकाला वेगळी नवी सीलबंद बाटली उघडा, त्यातून थेंब चालू ठेवा, उद्या सकाळी सगळ्यात आधी त्यांना तपासायला आणा. आणि यातलं एक जरी वाटलं तर उद्याची वाट बघू नका. मी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि तिला वाचून दाखवलं.

अव्वाचा मुलगा शेतातून आला, जीप बोलावली. सून पिशवी भरता भरता रडायला लागली.

"बाई, माझ्या हातानं झालं का हो?"

"रडून डोळा बरा होत नाही. टॉवेल घे, कार्ड घे. आणि तुझ्या हातानं नाही, माझं सांगायचं राहिलं म्हणून झालं. तिला डोळा चोळू देऊ नको वाटेत."

अव्वानं जीपमध्ये चढण्याआधी कनवटीला बांधलेली किल्ली सोडून माझ्या हातात दिली. "तिळाच्या डब्यात माझी बाटली हाय, बंद. ती अक्काला काढ. मी तर दवाखान्याला चाललेय, तिथं नवं देतील."

मी डबा उघडला. बाटली तिळात गळ्यापर्यंत पुरून ठेवली होती, ऊन लागू नये म्हणून. सील शाबूत होतं. नाव तेच, मुदत बाकी होती. सिस्टरला पुन्हा फोन करून तेवढं विचारून घेतलं आणि मग ती उघडली. अण्णाची त्याच्या ट्रंकेत निघाली, चादरीत गुंडाळलेली.

दोन्ही बाटल्या एकसारख्या. नाव लिहून उपयोग नव्हता, दोघांनाही वाचता येत नाही. अक्काच्या वाकळीच्या पेटीतून मी दोरे काढले. तिच्या बाटलीच्या गळ्याला लाल, अण्णाच्या बाटलीला काळा.

"करगोटा बांधायलीस का तिला?" अक्कानं विचारलं.

"व्हय. काळा अण्णाचा, लाल तुमचा. लाल सोडून दुसरा दोरा दिसला तर डोळा उघडायचा नाही. मी घालायला आले तरी नाही."

"आन अव्वा आली की?"

"तिला पिवळा."

संध्याकाळचा थेंब मी घातला. त्याआधी बाटलीचं टोक बघितलं. मग अक्काला दारात बसवलं आणि समोरच्या पत्र्यावर किती भोपळे आहेत ते विचारलं.

"चार. एक बारकं हाय, पानाखाली."

चारच होते. पानाखालचा मला आधी दिसला नव्हता. त्यानंतर अंधार पडेपर्यंत मी तिला पाच वेळा भोपळे मोजायला लावले आणि उजेडात डोळा बघितला. शेवटी ती वैतागली.

"भोपळे काय पळून जायलेत का? भाकरी टाक आता."

मी भाकरी टाकायला बसले. ती माझ्याजवळ येऊन बसली, पाट ओढून. मग म्हणाली, "गाडीत तू बसवलीस म्हणून काळजी करायलीस ना? मी काय तान्ही होते व्हय? माझ्या पायानं चढले."

मी परातीत पीठ घेतलं.

आठ वाजता अव्वाच्या मुलाचा फोन आला. तिला ठेवून घेतलं होतं, डोळ्यात इंजेक्शन दिलं होतं, तासातासाला औषध चालू होतं. डॉक्टर म्हणाले, आज आणलंत ते बरं केलंत, उद्या कळेल. नऊचा थेंब घालून आम्ही झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी हात धुतले, टोक बघितलं, लाल दोरा अक्काला दाखवला आणि थेंब घातला. डोळ्यात लाली नव्हती, पापण्या कोरड्या. शाळेला रजेचा निरोप पाठवला, अण्णाला त्याच्या दारातून उचललं आणि पहिल्या जीपनं तिघं बीदरला गेलो.

डॉक्टरांनी आधी अण्णाला तपासलं, मग अक्काला. अक्काची हनुवटी यंत्रावर टेकवून ते बराच वेळ बघत होते. मी त्यांच्या मागं उभी होते. त्यांनी दोनदा दिवा फिरवला आणि म्हणाले, स्वच्छ आहे, आठ दिवस लक्ष ठेवा, काही वाटलं तर या. अक्कानं हनुवटी उचलली आणि विचारलं, "आमची अव्वा?" अव्वाच्या डोळ्याची लाली रात्रीपेक्षा उतरली होती. तिला काल संध्याकाळपेक्षा बरं दिसत होतं, पण आणखी चार दिवस ठेवणार होते. आम्ही तिला वॉर्डात जाऊन बघून आलो. तिनं पहिल्यांदा तिळाच्या डब्याची किल्ली मागितली. मी दिली.

बाहेर व्हरांड्यात आदल्या दिवशी ऑपरेशन झालेली माणसं घरी निघण्यासाठी बसली होती. सिस्टर त्यांना कन्नडमध्ये समजावत होती. मंठाळकडच्या पाच बाया एका बाकावर होत्या. त्यातल्या वयानं थोरल्या बाईनं पाचही बाटल्या गोळा करून एका पिशवीत घातल्या आणि पिशवीचं तोंड आवळून कमरेला खोचली.

"बघ, बघ," अक्का माझं कोपर ओढत म्हणाली.

मी बघितलं होतंच. मी सिस्टरकडे गेले आणि दोन मिनिटं मागून घेतली. मग त्या बाईसमोर उकिडवी बसले, तिला पिशवी सोडायला लावली, बाटल्या बाकावर ओळीनं मांडल्या आणि माझ्या पर्समधली दोऱ्यांची गुंडाळी काढली. लाल, काळा, पिवळा, हिरवा. पाचवा रंग नव्हता, म्हणून अक्कानं आपल्या पदराच्या काठातून एक जांभळा दोरा उसवून दिला.

"लोणच्याची बरणी न्हाई ही," ती त्या बायांना म्हणाली. "ज्येचं त्यानं वापरायचं. ऐकायलाव का?"

मी पहिल्या बाटलीच्या गळ्याला लाल दोऱ्याची गाठ मारली आणि ही कुणाची, असं विचारलं.